आधी सिस्टरची वही पाहा

आरोग्याच्या एखाद्या नव्या संगणकप्रणालीची बैठक असली की प्रश्नांचा क्रम जवळपास ठरलेला असतो. खर्च किती, सर्व्हर कुठे, माहिती सुरक्षित राहील का, अहवाल किती प्रकारचे निघतील. ‘जिला ही रोज वापरायची आहे तिला ती वापरता येते का?’ हा प्रश्न आलाच तर सगळ्यांत शेवटी, लोक फायली आवरत असताना येतो. त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शोधणं हे माझं काम आहे. मी उपकेंद्रांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन आरोग्य सेविकेच्या शेजारी बसते. ती टॅबवर नोंद करताना कुठे थांबते, कुठे मागे जाते, काय चुकीचं दाबते, कोणाला फोन लावून विचारते, हे टिपून ठेवते. मग प्रणाली तयार करणाऱ्यांना आणि ती चालवणाऱ्या अधिकाऱ्यांना ते सांगते.

इतकी वर्षं हे पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. अवघड स्क्रीनमुळे वेळ जातो, मनस्ताप होतो, हे खरंच. पण तिच्यामुळे होणारं मोठं नुकसान वेगळं आहे. अवघड स्क्रीन खोटी माहिती तयार करते. प्रामाणिक माणसाच्या हातून तयार करते. आणि आरोग्यातली खोटी माहिती आज ना उद्या कुठल्या तरी पेशंटच्या अंगावर येते.

आपल्याकडे या प्रणाली एकामागून एक आल्या. २००८ मध्ये आरोग्य सेवांची मासिक आकडेवारी भरण्याचं राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं. त्याच्या पाठोपाठ प्रत्येक गरोदर माता आणि बालकाचा नावनिशीवार माग ठेवणारी व्यवस्था आली आणि पुढे तिची जागा आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) पोर्टलने घेतली. क्षयरुग्णांसाठी २०१२ मध्ये ‘निक्षय’ आलं. २०१६ पासून ‘अनमोल’ या ॲपमुळे आरोग्य सेविकेच्या हातात टॅब आला. २०२१ मध्ये कोविड लसीकरणासाठी ‘कोविन’ आणि त्याच वर्षी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशभर विस्तार, त्यातून १४ अंकी ‘आभा’ क्रमांक. प्रत्येकामागचा हेतू चांगला होता. कागदावरच्या बेरजांत हरवणारी बाई नावानिशी दिसली पाहिजे, हा विचार मला आजही मोलाचा वाटतो. पण ही सगळी पोर्टलं शेवटी एकाच माणसाच्या पदरात पडली. सपाट भागात साधारण ५ हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावं, असा निकष आहे. तिथली आरोग्य सेविका, म्हणजे गावाची सिस्टर, लसीकरण करते, गरोदर बायांची तपासणी करते, गृहभेटी देते, आणि या साऱ्याची नोंद आधी रजिस्टरमध्ये, मग टॅबवर करते. ‘काम झालं, आता ऑनलाइन करायचं राहिलंय,’ हे वाक्य मी ऐकलं नाही असं एकही उपकेंद्र नाही.

वापरसुलभता म्हणजे काय, याची आंतरराष्ट्रीय मानकात नेटकी व्याख्या आहे. आयएसओ ९२४१ या मानकाचा ११वा भाग सांगतो, की ठरावीक माणसांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काम परिणामकारकपणे, कमी श्रमात आणि समाधानाने करता येतं का, ते पाहा. या व्याख्येतला ‘ठरावीक परिस्थितीत’ हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कार्यालयातल्या पंख्याखाली, वायफायवर, मोकळ्या हातांनी जी स्क्रीन सहज चालते, तीच अंगणवाडीच्या ओट्यावर, डोळ्यांवर ऊन, एका हातात व्हॅक्सिन कॅरिअर आणि समोर रडणारं बाळ असताना चालते का? परिस्थिती बदलली की तीच प्रणाली वेगळी होते. म्हणून मूल्यमापन तिथेच जाऊन करावं लागतं.

उदाहरण सांगते. गरोदर मातेच्या नोंदणीत पहिलाच कळीचा रकाना असतो शेवटच्या पाळीच्या तारखेचा. तिच्यात २८० दिवस मिळवून बाळंतपणाची अपेक्षित तारीख निघते; पुढच्या सगळ्या तपासण्यांचं वेळापत्रक आणि बाळ वेळेआधी आलं की वेळेवर, हा निर्णयही तिच्यावरच उभा असतो. आता आपल्याकडच्या बाईला ही तारीख कशी आठवते? मराठवाड्यातल्या एका उपकेंद्रात एक तरुण बाई सिस्टरला म्हणाली, ‘गौरी जेवल्या त्या दिवशी मी बाजूला होते, सासूबाईंनीच सगळं केलं.’ सिस्टरने मान वर करून भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली, दोन पानं मागे उलटली आणि तारीख सांगितली. अगदी नेमकी तारीख. सणवार, उपास, एकादशी यांच्या आधाराने बायका पाळी किती अचूक सांगतात, हे मी नंतर अनेकदा पाहिलं. टॅबवरच्या कॅलेंडरात मात्र नुसते इंग्रजी महिने आणि आकडे होते. सण नाहीत, तिथी नाही. सिस्टरजवळ भिंतीवरची दिनदर्शिका होती म्हणून काम झालं. गृहभेटीला गेल्यावर ती भिंत सोबत नसते.

आणि ज्या बाईला आठवतच नाही, तिचं काय? प्रणालीला ‘अंदाजे’ हा शब्द माहीत नव्हता. तारीख दिल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. मग सिस्टर महिन्याची १ तारीख टाकायची, नाहीतर १५. एकदा जतन केलेली तारीख तिला स्वतःला बदलताही येत नव्हती, त्यामुळे पुढे सोनोग्राफीत वेगळे आठवडे निघाले तरी जुनीच तारीख राहायची. नोंदींची यादी मी तारखांनुसार लावली तेव्हा १ आणि १५ या आकड्यांवर नोंदींचे ढीग दिसले. वरच्या कार्यालयात हीच यादी ‘१०० टक्के पूर्ण’ म्हणून गेली होती.

हिमोग्लोबिनचं दुःख याहून मोठं. गरोदरपणात ११ ग्रॅमच्या खाली रक्तक्षय धरतात, ७ च्या खाली तीव्र रक्तक्षय. अशा बाईला तातडीने वर पाठवायचं असतं. हा रकानाही सक्तीचा. पण तपासणीच्या पट्ट्या संपलेल्या असतील तर? मी शेजारी बसलेली असतानाच सिस्टरने एका बाईच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली आणि टॅबवर १०.५ लिहिलं. मी नुसतं तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, ‘मॅडम, रिकामं ठेवलं तर बाईची नोंदच होत नाही. नोंद नाही झाली तर तिला योजनेचे पैसे मिळत नाहीत. तुम्हीच सांगा काय लिहू.’

माझ्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं. तिने दोन वाईट गोष्टींतली कमी वाईट निवडली होती. ही तिची लबाडी नव्हती. ‘मोजलं नाही’ असं खरं बोलण्याची जागाच त्या स्क्रीनवर ठेवलेली नव्हती. राज्याच्या पातळीवर बसलेला कोणी अभ्यासक तोच आकडा वाचून म्हणणार, की या भागात सौम्य रक्तक्षय आहे, तीव्र नाही. आणि त्या आकड्याच्या आड एखादी साडेसहा ग्रॅमची बाई शांतपणे शेतात खुरपत असणार.

तेव्हापासून मी कोणत्याही मूल्यमापनात एक गोष्ट सगळ्यांत आधी मागते: सिस्टरची स्वतःची वही. सरकारी रजिस्टर नव्हे. तिच्या पर्समधली, रबर बँड लावलेली, कोणी न दिलेली आणि कोणी न तपासलेली वही. बहुतेक सिस्टरकडे ती असते. तिच्यात काय असतं? बाईचं नाव, पुढे ‘माहेर’ म्हणून दुसऱ्या गावाचं नाव, नवऱ्याचा नंबर चालत नाही म्हणून भावाचा नंबर, ‘पहिलं सिझर’ अशी लाल शाईतली खूण, रात्री-अपरात्री गाडी कोणाची मिळेल त्याचं नाव, ‘सासू ऐकत नाही, आशाताईला पाठवणे’ अशी आठवण. प्रणालीने तिच्याकडून कितीतरी रकाने भरून घेतले होते, पण तिला स्वतःला लागणारी ही माहिती त्यात कुठेच बसत नव्हती. म्हणून तिने आपली प्रणाली आपणच तयार केली. तिला काय हवं आणि ते कोणत्या क्रमाने हवं, हे सांगणारा त्या वहीइतका खात्रीचा कागद मला कुठल्याही तांत्रिक अहवालात सापडलेला नाही.

वहीतला तो ‘माहेर’ शब्दच बघा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची साधी रीत. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते. तिची नोंद सासरच्या उपकेंद्रात, बाळंतपण दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. मी पाहिलेल्या एका प्रणालीत बाई आणि गाव यांची गाठ अशी बांधलेली होती, की ती माहेरी गेली की सासरच्या सिस्टरच्या यादीत तिचं नाव लाल दिसायचं आणि माहेरच्या सिस्टरला ती सापडायची नाही. आधार कार्डावर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, त्यामुळे नावाने शोधूनही उपयोग नाही. मग माहेरची सिस्टर नवी नोंद करायची आणि एका बाईच्या दोन बाया व्हायच्या.

ऊसतोडीच्या भागात हाच प्रश्न पूर्ण हंगामभर आणि गावच्या गावाचा असतो. दिवाळीच्या सुमारास मुकादम गाड्या भरून नेतात आणि बीडकडची माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणून गरोदर बाईही जाते. पुढचे पाच-सहा महिने ती फडाजवळच्या कोपीत राहते. गावाकडच्या सिस्टरच्या टॅबवर तिच्या तपासण्या थकीत म्हणून लाल होत जातात, बैठकीत विचारणा होते, आणि ती बिचारी म्हणते, ‘सर, सगळी वस्तीच गेलीय, कुणाला तपासू?’ तिकडे कारखान्याजवळच्या सिस्टरला ही बाई दिसते, पण तिचा इतिहास दिसत नाही. मागचं बाळंतपण कसं झालं, रक्तदाब किती होता, काहीच नाही. ‘स्थलांतरित’ असं एक बटण आणि शोधता येणारा एक क्रमांक बाईच्या कार्डावर ठळक छापलेला, एवढ्यावर बरंच काही सावरता येतं. पण ही गरज कार्यालयात बसून सुचत नाही. हंगामात त्या गावात जाऊन बंद दारं पाहावी लागतात.

आता पद्धतीबद्दल थोडं. या क्षेत्रात जेकब नील्सन या तज्ज्ञाचं म्हणणं प्रसिद्ध आहे, की पाचच माणसांना वापरायला देऊन पाहिलं तरी बहुतेक अडचणी समोर येतात. थोड्या खर्चात तपासणी करता येते, हे पटवायला ते फार उपयोगी पडतं. पण आरोग्यात ‘पाच माणसं’ म्हणजे कोण? मेडिकल ऑफिसर, सिस्टर, आशाताई, गटप्रवर्तक, डेटा एन्ट्री ऑपरेटर, औषधनिर्माता. प्रत्येकाची अडचण वेगळी. तालुक्याने निवडून दिलेल्या पाच हुशार सिस्टर पाहून निष्कर्ष काढला तर तो निष्कर्ष त्या पाच जणींपुरताच राहतो. म्हणून मी नेहमी विनंती करते, की निवृत्तीला आलेली एक सिस्टर आणि गेल्याच महिन्यात रुजू झालेली एक, या दोघी असायलाच हव्यात.

दुसरं साधन प्रश्नावलीचं. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची मोजपट्टी जगभर वापरतात. एक विधान प्रणालीच्या बाजूचं, पुढचं विरुद्ध, अशी रचना. प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि हिशेब करून १०० पैकी एक आकडा. साधारण ६८ हा सरासरीचा आकडा धरतात. आपल्याकडे ही पट्टी वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. बाहेरून आलेल्या मॅडमसमोर, शेजारी साहेब उभे असताना, सिस्टर प्रत्येक विधानाला ‘हो, पूर्ण सहमत’ म्हणते. ‘प्रणाली सोपी आहे’ यालाही हो, ‘प्रणाली विनाकारण गुंतागुंतीची आहे’ यालाही हो. सगळीकडे ५ टाकले की गणिताने उत्तर येतं बरोबर ५०. सगळीकडे मधला ३ टाकला तरी ५०च. तो ५० अहवालात ‘बरी आहे, सुधारणेला वाव’ असा वाचला जातो. खरं तर त्यातून एवढंच कळतं, की बाईला बोलायची मोकळीक नव्हती. म्हणून प्रश्नावली मी शेवटी देते, साहेब गेल्यावर, आणि आकड्याहून तिच्या हातांवर जास्त विश्वास ठेवते. बोट कुठे घुटमळलं, ते खोटं बोलत नाही.

हा फक्त आपल्या खेड्यांचा प्रश्न नाही. अमेरिकेत २००५ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध झाले, ते मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. एकात रॉस कॉपेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की डॉक्टरांनी औषधं संगणकावर लिहायच्या एका प्रणालीमुळे औषधांतल्या चुकांना २२ प्रकारे वाट मिळत होती. एकाच पेशंटची औषधं पाहायला अनेक स्क्रीन उलगडाव्या लागत, शेजारच्या पेशंटच्या नावावर क्लिक होई. दुसरा अभ्यास पिट्सबर्गच्या बालरुग्णालयातला. अशीच प्रणाली बसवल्यानंतर इतर ठिकाणांहून हलवून आणलेल्या गंभीर मुलांतला मृत्युदर २.८० वरून ६.५७ टक्क्यांवर गेला, असं तिथल्याच डॉक्टरांनी लिहिलं. पूर्वी मूल वाटेत असतानाच औषधांची तयारी सुरू होई. नव्या पद्धतीत मूल पोचून त्याची नोंदणी होईपर्यंत ऑर्डर टाकताच येत नव्हती. पुढे सिॲटलच्या बालरुग्णालयाने तीच प्रणाली बसवली, पण कामाची घडी आधी नीट लावून. तिथे मृत्यू वाढले नाहीत. सॉफ्टवेअर तेच, परिणाम वेगळे. या दोन रुग्णालयांची तुलना वाचल्यावर ‘वापरायला सोपं’ ही चैनीची गोष्ट आहे असं कोणी म्हणू नये.

आपल्याकडे त्रुटी दाखवल्या की पहिलं उत्तर येतं, ‘पुन्हा ट्रेनिंग घेऊ.’ प्रशिक्षण हवंच. पण एकाच जागी दहा सिस्टर सारखीच चूक करत असतील, तर चूक त्या जागेत आहे. ‘जतन करा’ आणि ‘रद्द करा’ ही दोन बटणं एकाच रंगात शेजारी ठेवली, तर कितीही प्रशिक्षणं घ्या, घाईत नोंद पुसली जाणारच. सिस्टरच्या मनावर याचा जो परिणाम होतो तो मला सलतो. वीस-पंचवीस वर्षं बाळंतपणं निभावून नेणारी बाई टॅबसमोर म्हणते, ‘आम्हाला नाही जमत हो हे.’ तिला जमत नाही असं काही नसतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, तेव्हा त्यांच्या तक्रारींत फोनच्या दर्जाबरोबर इंग्रजीतल्या ॲपचाही मुद्दा होता. रोजच्या कामाचं साधन आपल्या भाषेत मागणं, ही किती साधी मागणी आहे!

आणि बदल होतो, हेही मी पाहिलं आहे. एका ठिकाणी आमच्या शिफारशीवरून हिमोग्लोबिनच्या रकान्यात ‘मोजले नाही’ असा पर्याय आला, आणि त्याखाली कारण: पट्ट्या नाहीत, यंत्र बंद, बाईने नकार दिला. सुरुवातीला अधिकारी नाराज झाले, कारण १०० टक्के पूर्ण असलेला अहवाल एकदम अर्धा रिकामा दिसू लागला. पण त्या रिकाम्या जागांनीच पहिल्यांदा खरं सांगितलं. कोणत्या उपकेंद्रांत पट्ट्या पोचत नाहीत ते नावानिशी समोर आलं, पुरवठ्याची विचारणा सुरू झाली, पट्ट्या आल्या. मग मोजमापं आली, आणि त्यांत ७ च्या खालच्या बायाही दिसल्या. त्या आधीही तिथेच होत्या. त्याच प्रणालीत पहिली स्क्रीन बदलून ‘या सत्राला कोण येणार’ ही गाववार यादी आणली, तेव्हा सिस्टर टॅब स्वतःहून उघडायला लागल्या, कारण आता टॅब त्यांनाही काहीतरी परत देत होता.

म्हणून ज्यांच्या हातात अशा प्रणालींचे निर्णय आहेत त्यांना माझं सांगणं आहे. निविदेतच लिहा, की प्रणाली स्वीकारण्याआधी ती चालू उपकेंद्रांत, लसीकरणाच्या दिवशी, रेंज नसलेल्या गावात, सिस्टर आणि आशाताईंच्या हातात तपासली जाईल, आणि त्या तपासणीत निघालेल्या धोक्याच्या त्रुटी दूर झाल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. प्रत्येक सक्तीच्या रकान्याला ‘माहीत नाही’ आणि ‘मोजले नाही’ म्हणण्याची वाट ठेवा. नवा रकाना वाढवण्याआधी, तो भरणारीला त्यातून काय मिळणार, याचं एका ओळीत उत्तर द्या; उत्तर नसेल तर रकाना काढा. एकच नोंद दोनदा लिहायला लावू नका. आणि दर वर्षी एकदा मोठ्या साहेबांनी, मागेपुढे लवाजमा न घेता, एक अख्खा दिवस सिस्टरशेजारी बसून तिची नोंद होताना पाहावी. तिची वही मागावी, ती नीट वाचावी. पुढच्या प्रणालीत काय हवं, याचा निम्मा आराखडा तिच्यातच तयार असतो.